पाणी मारलेला गेम

आमच्या शेजारचे नाना व्हिडिओ गेम चिमटीत धरून तपासतात. म्हणजे पडद्यावर काही सुरू झालं, की त्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेत एकमेकांवर घासायला लागतात. शिरपूरच्या एका जिनिंग कारखान्यात नानांनी आयुष्यभर कापसाची प्रत ठरवली. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस उपसायचा, ओढून धागा लांब की आखूड ते बघायचं आणि गाडीवाल्याच्या तोंडावर सांगून टाकायचं. निवृत्त होऊन ते धुळ्याला आले. काकू आधीच गेलेल्या, घरात कापूस उरला तो वातींपुरता. मग पुण्याहून सुजातानं, त्यांच्या मुलीनं, गेमचं यंत्र पाठवलं आणि नाना पुन्हा कामाला लागले.

मागच्या दिवाळीत मी मोठ्या हौसेनं लढाईचा एक गेम आणला. गवताची पाती न् पाती वाऱ्यावर वेगळी हलत होती. नानांनी दहा मिनिटं बघितलं.

"दखाले झकास. पन धागा आखूड शे, भाऊ."

"अहो नाना, गवत तरी बघा!"

"गवत चांगलं शे. पन एवढा मानूस मरना, माले काहीच वाटनं नही."

मला असा राग आला म्हणता! त्यात त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आला.

पण नानांचा खरा वैरी म्हणजे पाणी. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे त्यांनी चिक्कार पकडले आणि आता ते गेममध्ये पाणी पकडतात. माझ्या लाडक्या गेममध्ये नायक राज्य वाचवायला निघाला होता. वाटेत एका बाईनं त्याला दहा मश्रूम आणायला सांगितले. झालं!

"राज्य बुडी ऱ्हायनं आन् हाई बाई मश्रूम मांगस? बठ्ठं पानी मारेल शे!" सगळंच पाणी मारलेलं, असा निकाल देऊन त्यांनी टीव्ही बंद केला. माझा टीव्ही, माझ्या घरातला.

डोंगरात पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनचा एक छोटासा गेम तेवढा पास झाला. चार तासांत संपला. नाना "लांब धागा" एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी दहाला मात्र त्यांच्याकडे जायची सोय नाही. तेव्हा ते आणि पुण्याहून सुजाता मिळून एक गेम खेळतात. दोघांनी एकाच दोरीला धरून डोंगर चढायचा, एकानं दोरी सोडली की दोघंही खाली. या गेमबद्दल नाना कधी मत देत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला सांगितलं, की आता शेवटचं शिखर राहिलंय आणि गेम संपला की सुजाता रविवारी जर्मनचा क्लास लावणार आहे. तेव्हा त्यांची चिमूट अगदी गप्प होती.

परवाच्या रविवारी शेवभाजीचा डबा द्यायला मी दहाच्या पुढेच गेलो. दार उघडं होतं. टीव्हीवर शिखराचा झेंडा एका पावलावर आला होता आणि नानांनी शांतपणे दोरीच्या बटणावरचं बोट उचललं. बाप-लेक गडगडत खाली.

"अरेरे! म्हातारपण, बेटा!" नाना माइकमध्ये ओरडले, तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"नाना, तुम्हीच पाणी मारताय?"

त्यांनी माइकवर तळवा दाबला. तोंड चोरी पकडली गेलेल्या गाडीवाल्यासारखं झालं होतं. "माले माहीत शे," ते पुटपुटले.

दोघं पुन्हा चढायला लागले. बहुधा माझ्यासमोर लाज वाटली असावी, या खेपेला नानांनी बटण असं आवळून धरलं की बोट पांढरं पडलं. झेंडा आला. एक पाऊल. आणि तिकडून सुजातानं दोरी सोडली.

"सॉरी बाबा! हात सुटला," टीव्हीतून तिचा आवाज आला. "पुढच्या रविवारी बघू, हं?"

नाना "हं" म्हणाले. त्यांचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरायला लागला होता.

"पोर बी पानी मारस," ते मला म्हणाले आणि डोळे पुसायला चष्मा काढला.