आपा की ओपा?

"खालच्या आळीतल्या भावांनो, तुमच्या घरात लग्नाचं कोण आहे?"

हा प्रश्न थेट रेडिओवर विचारायची पैज मैत्रिणींनी घातली होती, आणि आयझारकिनने तो ठणठणीत आवाजात विचारलाही. गावचा रेडिओ म्हणजे शाळेमागची एक खोली. वरच्या आळीतले किरगीझ आणि खालच्या आळीतले उझबेक एकमेकांकडे पायांनी येत नाहीत, निदान कानांनी तरी यावेत, म्हणून काढलेला.

लगेच उझबेकमध्ये फोन आला. "मी दिलमुरोद, रोट्यांच्या भट्टीवाला. माझी ओपा आहे की! मटण भरलेले सामसे असे भाजते, बोटं चाटत बसाल!"

आयझारकिनचं उझबेक बाजारात कांदे घेण्यापुरतं. तिने भरात किरगीझमध्ये सांगूनही टाकलं, "ऐका हो! दिलमुरोदला आईसाठी नवरा हवाय!"

किरगीझांची आपा म्हणजे आई. उझबेकांची ओपा म्हणजे ताई. एवढासाच फरक. पण तेवढ्यात आयझारकिनच्या विधुर आजोबांनी पांढरी लोकरीच्या नमद्याची टोपी झटकली आणि घोड्यावर खोगीर चढवलं.

चूक कळल्यावर ती धापा टाकत पोहोचली तेव्हा दिलमुरोदच्या फाटकाशी दोन्ही आळ्या जमल्या होत्या. त्याची ताई रोझिया दाराआडून बघत पुटपुटली, "अगंबाई! हा नवरा?"

"घाबरू नकोस पोरी," आजोबा म्हणाले, "तुला नाही. आईला बोलाव."

"माझ्या आईला?" दिलमुरोदच्या हातातला कणकेचा गोळा खाली पडला.

त्याची विधवा आई झुलायखो खराटा घेऊनच बाहेर आली. "माझं लग्न कोणी काढलं?"

"रेडिओने!" गर्दी दोन्ही भाषांत एकदम ओरडली.

झुलायखोने टोपीपासून बुटांपर्यंत आजोबांना न्याहाळलं. खराटा भिंतीला टेकवला. "एवढे नटून आलात, तर चहा तरी घ्या."

संध्याकाळी घरात आयझारकिनचे बाबा गरजले, "रेडिओ बंद! खोलीची किल्ली ठेव इथे."

"गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही कार्टीने," आई म्हणाली.

तेवढ्यात आजोबा आले. काखेत फडक्यात बांधलेले गरम सामसे.

"काय म्हणाली?" बाबांनी घाबरत विचारलं.

"नाही म्हणाली बहुतेक." आजोबांनी सामसा फोडला. "पण उझबेकमध्ये म्हणाली. मला नीट कळलं नाही. रविवारी परत विचारतो."

आयझारकिन ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी रेडिओ सोडत नाही. पुढच्या कार्यक्रमाला रोझिया ओपा माझ्याशेजारी बसणार. तिने मान हलवल्याशिवाय माझा एक शब्द बाहेर जाणार नाही. मी तिला सांगूनही आलेय. आणि आजोबांची उझबेकची शिकवणी उद्यापासून तिच्याचकडे."