सील सूनबाईंचं माहेरपण

कोणत्याही जीवाचं संवर्धन सुरू करण्यापूर्वी त्यातून आणखी कोणाकोणाचं संवर्धन होईल याचा अंदाज घ्यावा, हे प्रशासनाचं मूलतत्त्व आहे. कास्पियन समुद्राकाठच्या अक्ताऊ बंदरातल्या सागर संवर्धन भवनाचे प्रभारी संचालक इझ्बासार (आदराने इझेके) यांनी तो घेतला, तेव्हा एका सीलमागे पुढील लाभ निघाले: ‘प्रभारी’ हा शब्द गळणे, चालकासह गाडी, बाकूच्या परिषदेत भाषण आणि बायकोच्या भावासमोर ताठ मान. (शेवटचा लाभ अर्जात लिहिलेला नाही.)

तोवर भवनात आठवड्याला सरासरी अकरा पाहुणे येत. सात जण गच्चीवर दीपगृह असलेली ती चाळ कुठे, हे विचारायला, तीन स्वच्छतागृहासाठी, एक चुकून. पेंढा भरलेला स्टर्जन मासा पाहून कोणाला सागराचा कळवळा आल्याची नोंद नाही. मग मार्चमध्ये खडकांपाशी सीलचं एक अर्धमेलं मादी पिल्लू वाहत आलं. भवनाच्या पशुवैद्य बालझिया यांनी त्याला नळीने माशांची पेज पाजून जगवलं, मारझान नाव ठेवलं आणि भिंतीवर नियम चिकटवला: पंचवीस किलो भरताच समुद्रात सोडणे. उशीर झाल्यास ती शिकार विसरते. मग सोडणं आणि मारणं यांत फरक राहत नाही.

भवनात प्रवेशशुल्क घ्यायला बंदी होती. पण नवी सून, नवं बाळ किंवा उंटाचं नवं पिल्लू पहिल्यांदा पाहिलं की हातावर काही ठेवल्याशिवाय आमच्यात कोणी निघत नाही. याला कोरिमदिक म्हणतात, आणि त्यावर बंदी घालणारा कायदा अजून जन्मायचा आहे (जन्मला तर त्याचंही तोंड पाहून काही द्यावं लागेल). इझेकेंनी मारझानच्या टाकीवर लाल मखमली पडदा टाकला आणि दोनतारी दोंब्रा वाजवणाऱ्या कोशानला नेमलं. लग्नात सुनेचा चेहरा उघडताना गाणारा सासरच्या एकेकाचं नाव घेतो, सून वाकते, तो माणूस नोट ठेवतो. इथे पर्यटक सासरचे झाले. कोशान ‘अल्मातीच्या मामेसासूबाई’ असं गाऊ लागला की टाकीच्या काठाखाली माशांची बादली सरके, आणि मारझान कमरेतून वाके.

“आमच्या घरच्या सुनेची वाकायचं म्हटलं की मान दुखते म्हणे,” अल्मातीच्या बाई बादलीकडे न बघता म्हणाल्या.

आठवड्याला पाहुणे नऊशे झाले. सागर संवर्धनाविषयी आपण काय शिकलात, या प्रश्नावलीला आलेली उत्तरं: सील संस्कारी असते, एकसष्ट टक्के, आमच्यापेक्षा हिचं खाणं बरं आहे, चोवीस टक्के, इथे ताजा मासा कुठे मिळतो, पंधरा टक्के.

ऑगस्टमध्ये बालझियाने वजनाचा कागद पुढे ठेवला. अठ्ठावीस किलो.

“इझेके, आता सोडायलाच हवं. टाकीत जिवंत मासा टाकला तर ती बादलीकडे बघते.”

“अगं, चेहरा उघडलेली सून परत माहेरी धाडायची?” इझेके दुःखाने म्हणाले. “लोक विचारतील, काय खोट निघाली.”

युक्तिवाद बिनतोड होता. बालझियाने रात्रभर विचार केला आणि त्याच वाटेने परतली. सुनेला पहिल्या माहेरपणाला पाठवणं ही सासरचीच जबाबदारी नाही का? इझेकेंनी हरकत नोंदवली: वर्ष भरल्याशिवाय आमच्यात सून माहेरी जात नाही. तेव्हा फरशी पुसणाऱ्या, पण वयाने इमारतीत सर्वांत वडील असलेल्या कुल्यान आपांनी फडकं पिळलं.

“इझ्बासार, बाळा, समुद्र मागे मागे चाललाय. वर्षभर थांबलास तर तिचं माहेर सापडायचं कुठे?”

वडीलधाऱ्यांपुढे बोलायची आमच्यात सोय नाही. (शिवाय पाठवणीच्या नावेत चाळीस पाहुण्यांच्या जागा होत्या, हे इझेकेंना तेवढ्यात सुचलं.)

पाठवणी थाटात झाली. गालिचा, मिठाई, कोशानचं रडवं गाणं. मारझान नावेच्या काठावरून पाण्यात घसरली, एकदा वर आली, तोंडात जिवंत मासा होता. हजेरीपटात सीलची दहा दिवसांची रजा लागली. अकराव्या दिवशी ती विनापरवानगी गैरहजर ठरली. तिला दोन स्मरणपत्रं काढण्यात आली. पत्ता ‘कास्पियन समुद्र’ एवढाच असल्याने पोच मिळाली नाही.

मग इझेकेंना जुनी चाल आठवली: बायको राहिली नाही, तर तिच्या धाकट्या बहिणीवर सासरचा हक्क. दोन नावा जाळी घेऊन गेल्या. आणलेली धाकटी धडधाकट होती, त्यामुळे धडधाकट जीव वाचवण्याचा हा देशातला पहिला प्रयोग असल्याचं अहवालात नमूद झालं. बालझियाने सही नाकारली आणि माहेरपण तिनेच ठरवलं म्हणून तिला घरी पाठवलं. धाकटी चार दिवस उपाशी राहिली. पाचव्या दिवशी वाकली.

इझेके आता प्रभारी नाहीत. ते बाकूला भाषण करून आले.

वाचकहो, सील वाकली तेव्हा आपल्याला हसू आलं, हे योग्यच. भवनाला लागून लग्नाचं सभागृह आहे. तिथे दर शनिवारी खरी सून वाकते, तेव्हा आपण हसत नाही. पाकीट ठेवतो आणि जेवायला बसतो. पाकिटं आपली, पण किंमत मोजते ती.