सहा वाजून दहा मिनिटांची नोंद

लॉजवाल्या ताई मजकूर मागायला आल्या, तेव्हा दुर्बीणकाका खिडकीत बसून समुद्राकडे बघत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग होता आणि त्यात त्यांना क्षणाची फुरसत नसायची.

"काका, पाहुणे येतात आणि विचारतात, इथं बघण्यासारखं काय आहे? आता समुद्र तर त्यांना दिसतोच. त्यापुढे मी काय सांगू? इथल्याच माणसानं लिहिलेली चार पानं द्या मला. प्रत्येक खोलीत ठेवीन."

"देतो की," काका म्हणाले. "त्यात काय एवढं!"

माशी शिंकली ती इथेच. काकांनी बत्तीस वर्षं बंदराच्या टेहळणी मनोऱ्यात काढली होती. किती वाजले, काय दिसलं आणि काही विशेष, अशा तीन रकान्यांत त्यांचं सगळं तारुण्य मावलं होतं. पुढे मनोरा सुटला, पण रकाने सुटले नाहीत. आता जहाजांच्या जागी खालची गल्ली होती, एवढाच काय तो फरक.

गल्ली होतीही तशीच. चार वाजले की ऊन पाण्यावरून उलटून घरांच्या भिंतींवर यायचं आणि भिंती हलायला लागायच्या. माणसं बोलायची तर त्यांचे शब्द वाऱ्यानं आधी लांब नेऊन मग आणून दिल्यासारखे वाटायचे. दोन खुर्च्यांपैकी एकीत काका बसायचे, दुसरीत काकू काहीतरी शिवत बसायच्या. काकांना पापण्या मिटायच्या आहेत की उघड्या ठेवायच्या आहेत, हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. अशाच एका दुपारी त्यांनी ती चार पानं लिहून काढली.

"चार वाजता: सलूनवाला रिकाम्या खुर्चीत बसून गातो. आवाज गोड. आपण गातो हे त्याला माहीत नसावं.

पाच वाजून पाच मिनिटं: शाळेतून निवृत्त झालेल्या बाई छत्री घेऊन पाण्यापाशी जातात आणि समुद्राला रागावतात. भरती असल्यास जास्त.

पाच चाळीस: शिंपी आणि शिंपीणबाई बाल्कनीत भांडतात. विषय, दोरीवरचे कपडे वाळले की दमट आहेत. निकाल आजवर लागलेला नाही."

अशा सव्वीस नोंदी होत्या. कोपऱ्यावरचं मांजरसुद्धा सुटलं नव्हतं. काकूंनी सगळं दोनदा वाचलं, पानं उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं आणि "छान आहे" म्हणून कागद परत दिले. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. आठ मैलांवरचं शीड ओळखणाऱ्या काकांना बायको बोलत नाही हे कळायला दोन दिवस लागले.

तोवर पानं छापून झाली होती आणि पाहुणे कामाला लागले होते.

पहिल्या दिवशी चारला पाच कमी असताना एक कुटुंब सलूनसमोर येऊन उभं राहिलं. गृहस्थ घड्याळात बघत होते. सलूनवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. त्यानं खुर्ची झटकली.

"नको, नको," गृहस्थ म्हणाले. "तुमचं चालू द्या. आम्ही ऐकायला आलोय."

"काय ऐकायला?"

गृहस्थांनी पान दाखवलं. सलूनवाल्याचा चेहरा फेस लावल्यासारखा पांढरा झाला. पण आलेल्या माणसाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. दाढ ठणकत होती, तरी तो गायला. आपण गातो हे कळल्यावर कुणाचाही जातो तसाच त्याचाही सूर गेला. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं होती, आणि दोन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांतल्या एकीनं तक्रार केली.

बाईंचं वेगळंच झालं. बत्तीस मुलांचा वर्ग सुटल्यापासून रागवायला हक्काचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या समुद्रावर भागवत होत्या. आता मागे वळून बघतात तर वाळूत तीस-चाळीस माणसं हात बांधून उभी! बाईंनी समुद्र सोडला आणि यांना धरलं. उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. एका जाड्या गृहस्थांना पाढे येईनात, तर त्यांना ओहोटी लागेपर्यंत उभं ठेवलं.

"माझं रागावणं छापलंत ते छापलंत," त्या काकांना खालूनच म्हणाल्या, "पण वर्ग फार मोठा आहे हो. तुकड्या पाडून द्या."

खरी आफत शिंप्याकडे झाली. नवरा-बायकोनं माणसं बघितली आणि लाजून भांडणच बंद केलं. पाच चाळीसला दोघं बाल्कनीत येत आणि "वाळलेत वाटतं," "तुम्ही म्हणताय तर असतील," असं गुळमुळीत बोलून आत जात. पाहुणे हिरमुसले. लॉजवाल्या ताईंनी हात जोडले. मग दोघांनी ताईंच्या शब्दाखातर खोटं खोटं भांडायचं ठरवलं. खोट्या भांडणात माणूस खरं बोलून जातो. शिंपी म्हणाला, "तुझ्या आईकडे तरी कुठे काय वाळायचं!" आणि शिंपीणबाई पिशवी भरून भावाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिंपी एकटाच बाल्कनीत उभा राहून दोघांचंही बोलत होता. बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळी गल्ली काकांच्या खोलीत जमली. काकूंनी सगळ्यांना पाणी दिलं. काकांनाही दिलं, पण पेला जरा जोरात ठेवला.

"काका, माझं गाणं गेलं," सलूनवाला म्हणाला.

"माझी बायको गेली," शिंपी म्हणाला.

"पण मी वाईट काय लिहिलं? जे दिसलं ते लिहिलं," काका म्हणाले.

"तेच तर," सलूनवाला म्हणाला. "दिसलं म्हणून लगेच सांगायचं असतं होय?"

काकांनी पेला उचलून पाणी संपवलं. सगळे गेल्यावर त्यांनी काकूंकडे न बघताच विचारलं, "तूही याच्यासाठीच रुसलीस ना? या सगळ्यांना त्रास झाला म्हणून?"

काकूंनी सुईत दोरा ओवला. त्या "हं" म्हणाल्या की दोरा ओठांत ओला केला, ते नीट कळलं नाही.

काका मनातून हादरले होते. शेजारी काय, चार दिवस रागावतील आणि पाचव्या दिवशी येतील. पण बाजूच्या खुर्चीतून रोज येणारं "ऐकलंत का" बंद झाल्यापासून त्यांना समुद्र नुसताच पाण्याचा वाटू लागला होता. उजेड भिंतींवर यायचा, भिंती हलायच्या, पण मन काही वाहवत जायचं नाही. हे नीट व्हायलाच हवं होतं.

सकाळी त्यांनी पानं पुन्हा लिहिली. सगळ्या वेळा काढून टाकल्या. सगळी माणसंही काढली. उरलं ते एवढंच: "गल्लीत सावकाश फिरावं. काही दिसलं तर आपलं नशीब. कुणालाही काही विचारू नये." बत्तीस वर्षांत वेळेशिवाय केलेली ही त्यांची पहिलीच नोंद.

"एवढं लॉजवर नेऊन देशील?" त्यांनी विचारलं. काकूंनी कागद घेतला, चपला घातल्या आणि त्या गेल्या. यायला त्यांना बराच वेळ लागला.

दोन दिवसांत जुनी पानं गेली, नवी आली. चार वाजता सलूनसमोर कुणीच नव्हतं. सलूनवाला थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला, मग खुर्चीत बसला आणि त्याला नकळत एक सूर वाऱ्यावर निघाला. बाई एकट्याच पाण्यापाशी गेल्या; समुद्र आपला निमूटपणे ऐकून घेत होता. शिंपीणबाई परत आल्या. नवरा आपल्या वाटची वाक्यं चुकवतो असं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि ते काही त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

काकांनी समाधानानं पाय लांब केले. सहा वाजत आले होते. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसट होत चालली होती. त्यांच्या पापण्या मिटत होत्या.

"आलो, आलो! हीच ती खिडकी," खालून कुणीतरी म्हणालं.

काकांनी डोळे उघडले. खाली पन्नास-एक माणसं माना वर करून उभी होती. त्यांच्यात सलूनवाला होता, बाई होत्या, शिंपी आणि शिंपीणबाई होत्या. लॉजवाल्या ताई मागे लपून हसत होत्या.

"काय पाहिजे?" काका ओरडले. "मी तर सगळं काढून टाकलंय!"

"शेवटी एक ठेवलंय की," मोठ्या टोपीवाल्या एक बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "सहा वाजून दहा मिनिटं: या खिडकीत एक गृहस्थ बसतात. त्यांना आठ मैलांवरचं शीड दिसतं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक बाई अडतीस वर्षं बसते आहे. ती त्यांना अजून दिसलेली नाही. दिसल्यास कृपया टाळ्या वाजवाव्यात."

काका हळूहळू बाजूला वळले. काकू मान खाली घालून बटण लावत होत्या. पाण्यावरचा उजेड त्यांच्या चष्म्यावरून गालावर आला होता. कानाजवळचे केस पांढरे होते, चांगले पसाभर. बोटावर शाईचा डाग अजून होता.

"अगं," काका म्हणाले, "हे केस कधी पांढरे झाले?"

"का?" काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे नोंद नाही?"

काकांनी आपली खुर्ची उचलली, समुद्राकडे पाठ करून काकूंच्या समोर ठेवली आणि बसले. बसून बघतच राहिले.

"दिसली का हो?" खालून कुणीतरी अधीर होऊन विचारलं.

काका उठले. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, बाहेर अजून उजेड असताना, त्यांनी खिडकी लावून घेतली. बंद खिडकीबाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.