शून्य साखरेचं शहाळं

त्रिनिदादच्या प्रजेचं आरोग्य शहाळ्याच्या पाण्यावर उभं आहे, हे सर्वमान्य सत्य आहे. ज्यांना ते मान्य नव्हतं त्यांनाही कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी, डोकं दोन्ही हातांत धरून, टँटी फिलोमिनाच्या ट्रकपुढे उभं राहिलेलं मी पाहिलं आहे.

टँटी म्हणजे अख्ख्या सव्हाना मैदानाची मावशी. ती कोयत्याने शेंडा उडवते, गिऱ्हाईक तोंड लावून पितं, मग ती शहाळं दुभागते आणि मलई खरवडायला त्याच सालीचा चमचा तासून देते. या सगळ्या व्यवहारात कागद कुठेच नव्हता. ही गंभीर उणीव पोषणमूल्य कक्षाच्या ध्यानात आली आणि निरीक्षक बेडासी मैदानावर अवतरले.

"टँटी, यापुढे प्रत्येक पेयावर चिठ्ठी हवी. साखर, क्षार, उष्मांक. नाहीतर ट्रक हलवायचा."

"तू पोटात होतास तेव्हा तुझी आई माझंच पाणी पीत होती रे. तेव्हा कुठे होती चिठ्ठी?"

"मी सरकारी कामावर आहे, टँटी."

"दिसतंय. पार सुकलायस."

ट्रक हलवायचा म्हणजे धंदा मिटवायचा. ट्रक उभा असे त्याच झाडाखाली तिच्या आईनेही शहाळीच फोडली होती. टँटीने निमूटपणे एक शहाळं प्रयोगशाळेत धाडलं आणि आलेल्या चिठ्ठीच्या नकला सगळ्या ढिगाला चिकटवल्या. बेडासी व्यथित झाले.

"ही चिठ्ठी तपासलेल्या शहाळ्याची. ते शहाळं आता हयात नाही."

"मग बाकीची काय त्याची सावत्र भावंडं आहेत?"

"एका झाडाची दोन शहाळी सारखी नसतात, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता."

"ते मी गोडीबद्दल सांगते."

"गोडी म्हणजेच साखर. प्रत्येक नग तपासावा लागेल."

युक्तिवाद निर्दोष होता, त्यामुळे कुणाचाच इलाज चालेना. रोज पहाटे ढीग प्रयोगशाळेत जाऊ लागला. थोडं पाणी तपासलं तर उरलेल्याची हमी कोण देणार, म्हणून भोक पाडून सगळं पाणी काढण्यात येई. मलई हीही पोषणाचीच बाब, म्हणून तीही. मग भोक मेणाने बुजवून शहाळं परत येई. नियमाप्रमाणे विक्रीच्या वेळी आत जे असेल तेच चिठ्ठीवर हवं, म्हणून त्यावर प्रामाणिकपणे छापलेलं असे: साखर शून्य, मेद शून्य, उष्मांक शून्य. प्रमाणित.

"हे कोण घेणार?" टँटी मला म्हणाली. "माझी बकरीसुद्धा घ्यायची नाही."

बकरीला वाचता येत नाही, हे ती विसरली होती. मैदानाला रोज धावत फेऱ्या मारणाऱ्या मिसेस लाफोरेस्ट थांबल्या. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी वाचली.

"सगळं शून्य? टँटी, इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस?"

"आत काहीच नाहीये, मॅडम."

"तेच तर म्हणते मी."

त्यांनी मेण टोचून नळी घातली, बराच वेळ ओढलं आणि डोळे मिटले. "किती हलकं आहे."

आठवड्याभरात रांग रस्त्यापर्यंत गेली. पिणाऱ्यांपैकी एकाचीही साखर वाढली नाही, असा निर्वाळा डॉक्टरांनी दिला. टँटीचा ट्रक जागचा हलला नाही. जुन्या ओळखीच्यांसाठी ती गोणपाटाखाली काही भरलेली शहाळी ठेवी आणि हळूच विचारी, "चिठ्ठीचं देऊ की पाण्याचं?"

लोक दचकून मागे सरत. बिनचिठ्ठीच्या पाण्यात काय काय असेल, सांगता येतं का?

मलाही तिने विचारलं. मी शिकलेला माणूस. आजूबाजूला पाहिलं आणि चिठ्ठीचं घेतलं. हसू नका, तुमच्या फ्रिजमधल्या बाटलीची चिठ्ठी तुम्ही वाचली आहे, आत काय आहे ते पाहिलेलं नाही.

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात हल्ली सालीच्या चमच्यांचा खच पडलेला असतो. बेडासीसाहेब आता सुकलेले दिसत नाहीत.