समोरच्या संघाचे अण्णा

आमच्या शेजारचे दिगंबरअण्णा टीव्हीसमोर बसून हॉकीचा सामना बघतात आणि स्वतःच्या मुलीच्या विरुद्धच्या संघाच्या बाजूनं ओरडतात. "मार की पोरी! काय बघून राहिलीस? घुस आत!" हे ती पोरगी ऐकत नसते, कारण ती लातूरच्या मैदानावर असते आणि अण्णा नांदेडला आमच्या भिंतीपलीकडे. मी मात्र ऐकते. सामना असेल त्या दिवशी मी कुकर आधीच लावून घेते, नाहीतर शिट्ट्या मोजता येत नाहीत.

अण्णांची शीतल लातूरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि कॉलेजच्या हॉकी संघाची गोलकीपर आहे. कॉलेजची मुलं मोबाइल काठीला बांधून सामने ऑनलाइन दाखवतात. बघणारे असतात चौदा-पंधरा. त्यातले एक अण्णा.

पहिल्यांदा टीव्हीला ते जोडून द्यायला मी गेले, तेव्हा मला वाटलं, अण्णांना संघच समजला नाही. म्हटलं, "अण्णा, निळ्या आपल्या. तुम्ही पिवळ्यांसाठी ओरडताय."

"मला कळतंय ना बाई," अण्णा म्हणाले. "कॅमेरा बॉलमागं पळतो. बॉल तिकडं, तर कॅमेरा तिकडं. शीतल इकडच्या टोकाला. पिवळ्या चढून आल्याशिवाय ती दिसंल कशी?"

आतून सुमनवहिनींचा, म्हणजे शीतलच्या आईचा, आवाज आला, "दिसली असती दर सुट्टीत घरात. बुजगावणं करताना न्हाई सुचलं?"

अण्णा एकदम टीव्हीत बघायला लागले.

तर त्या बुजगावण्याचं सांगायला हवं. गेल्या वर्षी थंडीत शीतल सुट्टीला आली होती. अण्णांनी एक स्थळ बोलावलं होतं. पाहुण्यांच्या नजरेला ते हेल्मेट, ते पायाचे जाड पॅड, ती छातीची ढाल पडू नये म्हणून अण्णांनी सगळं एका पोत्यात भरलं आणि बिलोलीजवळ भावाच्या शेतावर पाठवून दिलं. शीतलला सांगितलं, "धुवायला दिलंय." भाऊ कामाचा माणूस. वस्तू पडून राहिलेली त्याला बघवत नाही. चार दिवसांनी सगळे हुरडा खायला शेतावर गेले, तर ज्वारीच्या मधोमध शीतलची गोलकीपर उभी. डोक्यावर हेल्मेट, हात फैलावलेले, पायाला पॅड, आणि पाखरं खरंच फिरकत नव्हती. भाऊ कौतुकानं म्हणाला, "लई भारी काम झालं बघ पोरी, रानडुकरंबी येईनात."

शीतलनं हुरडा खाल्ला नाही. घरी आली, बॅग भरली, लातूरची बस धरली. तेव्हापासून ती आईशी रोज फोनवर बोलते. अण्णांशी नाही.

मी व्यवस्थित काम करणारी बाई आहे. मी अण्णांना कागदावर लिहून दिलं होतं: एक, सामान परत आणा. दोन, स्थळाला नाही कळवा. तीन, स्वतः जाऊन माफी मागा. अण्णांनी तिन्ही केलं. सामान आणलं, तर उंदरांनी पॅड कुरतडलेले. स्थळानं आधीच नाही कळवलं होतं. आणि लातूरला हॉस्टेलच्या फाटकावर शीतलनं निरोप पाठवला, "मी नाहीये." अण्णा तिथूनच परतले. मला म्हणाले, "खिडकीत उभी होती. मीबी मग दिसली न्हाई असंच केलं." चौथा मुद्दा मला सुचला नाही. अजूनही सुचलेला नाही.

अण्णांची सगळी नोकरी विष्णुपुरीच्या धरणावर झाली. दरवाजे वर-खाली करणं, पाण्याची पातळी लिहिणं. त्यामुळे हॉकीही त्यांना धरणाच्या भाषेतच समजते. समोरचा संघ कुठलाही असो, अण्णांच्या लेखी त्या पिवळ्याच. पिवळ्या पुढे आल्या की "आवक वाढली!" शीतलनं बॉल अडवला की "दरवाजा बंद!" आणि गोल झाला की आवाज पडतो, "सुटलं पाणी." सामन्याच्या खाली लोक मजकूर लिहितात, तिथे अण्णा अर्ज लिहितात. "कॅमेरा अधूनमधून निळ्या गोलकीपरकडे वळवावा, ही नम्र विनंती. दि. गो., पाटबंधारे, निवृत्त." एकदा उत्तर आलं, "काका, बॉल तिकडं नाहीये." अण्णांनी परत लिहिलं, "माहीत आहे."

यंदाचं वेळापत्रक मी काढून त्यांच्या कपाटाला चिकटवलं. बाद पद्धतीचे सामने. हरलं की घरी. शिवाय शीतलचं शेवटचं वर्ष. म्हणजे निळ्या ज्या दिवशी हरतील, त्या दिवशी अण्णांना पोरगी दिसायची बंद. हे मी त्यांना स्वच्छ समजावून सांगितलं. "अण्णा, पिवळ्यांसाठी ओरडा, पण बेतानं."

"हाव," अण्णा म्हणाले. "चढून याव्यात, पण गोल होऊ न्हाई."

"लेकीनं मार खावा आणि जिंकावंबी," वहिनी म्हणाल्या. "बापाचं प्रेम बघा."

दोन सामने निळ्या जिंकल्या. तिसरा उपांत्य. दुपारी मीही जाऊन बसले, वहिनीही बाहेर येऊन बसल्या. अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता. पूर्ण वेळ संपली तरी गोल कुणाचाच नाही. बॉल मैदानाच्या मधेच फिरत राहिला आणि शीतल एकूण मिळून पाव मिनिट दिसली असेल. मग शूटआउट जाहीर झालं. एकेक खेळाडू एकटीनं बॉल घेऊन धावत येणार, समोर फक्त गोलकीपर. काठीवाल्या पोरानं कॅमेरा गोलसमोर नेऊन रोवला.

अण्णा उठून उभे राहिले. शीतल समोर, आख्खी. कमरेवर हात ठेवून श्वास घेणारी. कॉलेजनं दिलेलं हेल्मेट तिला मोठं होत होतं, ती सारखं वर सारत होती.

त्या दिवशी अण्णांनी पिवळ्यांसाठी आवाज काढला नाही. पहिली आली, शीतलनं आडवं पडून अडवली. "दरवाजा बंद," अण्णा हळूच म्हणाले. दुसरी सुटली. तिसरी तिनं पायानं अडवली, पण उठताना जरा वेळ लागला. चौथी सुटली. निळ्यांचे सगळे प्रयत्न संपले होते, गोल दोन. पिवळ्यांचेही दोन. पाचवी धावत आली, मधेच चित्र अडकलं. गोल गोल चक्र फिरत राहिलं. आम्ही तिघंही त्या चक्राकडे बघत राहिलो. चित्र परत आलं तेव्हा पिवळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या आणि शीतल जाळीजवळ बसली होती.

"सुटलं पाणी" असं अण्णा म्हणाले नाहीत.

ती हेल्मेट काढत होती, तेवढ्यात प्रक्षेपण संपलं. पडदा काळा. मी कपाटावरचा कागद काढला. पुढचे रकाने कोरे होते.

थोड्या वेळानं वहिनींचा फोन वाजला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला, बहुतेक मुद्दामच. शीतल रडत होती. "आई, माझ्यामुळं गेलं गं."

"न्हाई बाई, न्हाई," वहिनी म्हणाल्या.

अण्णा वहिनींच्या कानाशी वाकले. "विचार, डावा गुडघा कसाय. तिसऱ्याला लागलाय. त्याच्यावर वजन टाकीना झाली."

वहिनींनी विचारलं. तिकडे रडणं थांबलं.

"तुला कुणी सांगितलं? मी तर इथं कुणाला सांगितलं नाही. कोचलाबी नाही."

वहिनींनी अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. अण्णांनी दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. घाबरल्यासारखे, जणू त्यांचं नाव निघालं तर तो गुडघासुद्धा ती लपवून ठेवेल.

"मला दिसलं," वहिनी म्हणाल्या.

"तू एवढं बघतेस, आई?" शीतल म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

अण्णा परत वाकले. "बर्फ लावाय सांग," ते कुजबुजले. "पण तू सांगून राहिलीस असं सांग."