टाकी लावायची गोष्ट

"अहो, ती टाकी लावून घ्या ना एकदाची. हात भरून येतात माझे," शुभांगीबाई म्हणाल्या आणि भारतराव देवरे एकदम खूश झाले.

टाकी लावा म्हटल्यावर कुणी खूश होतं का? भारतराव झाले. कारण त्यांच्या लेखी टाकी एकच, पाट्याला लावायची ती. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीने ठोकून तो पुन्हा खरबरीत करतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. कालच चटणी त्यांच्या दाताखाली कचकचली होती. पाट्याचं काहीतरी बिनसलंय, हे त्यांनी तेव्हाच ताडलं होतं. आता बायकोच आपण होऊन पाट्याची काळजी करतेय म्हटल्यावर त्यांना भरून आलं. शेवटी हिलाही या घराची गोडी लागली म्हणायची!

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन भारतरावांनी दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार साली, दिंडोरी रस्त्यावरच्या एका लहान गावात हे जुनं मातीचं घर घेतलं होतं. सागवानी खांबांना तेलपाणी केलं, कौलं बदलली, ओसरी शेणाने सारवून घेतली आणि एक नियम केला. या घरात नवीन काही येणार नाही. नियम कडक होता. फोन आला तो नाइलाज म्हणून. पंखा आला तो डॉक्टरांनी झोप सांगितली म्हणून. टीव्ही आला तो फक्त क्रिकेटपुरता. मिक्सर आणि नळ मात्र आले नाहीत. नळाचं काय काम? परसात आड होता. आडावरून पाणी शेंदताना रहाटाचा जो कुरकुर आवाज होतो, तो भारतरावांना सकाळी अंथरुणात पडून ऐकायला फार आवडायचा.

त्याच दिवशी ते स्कूटर काढून दिंडोरीला गेले आणि मुन्नाच्या दुकानात शिरले. घराचं वायरिंग मुन्नानेच केलं होतं आणि तालुक्यातली सगळी कारागीर मंडळी त्याच्या ओळखीची होती. शेजारी लोखंड कापायचं मशीन किंचाळत होतं.

"मुन्ना, टाकी लावायचीय!" भारतराव ओरडून म्हणाले.

"क्या बात है साहेब! कधीपासून सांगतोय मी. काळी ना?"

"काळीच आहे की." पाटा काळ्या दगडाचा होता.

"दोन थराची का तीन?"

टाकीचे घाव थराथराने घालतात, हे भारतरावांना नवीनच होतं. त्यांना मोठं कुतूहल वाटलं. "तीन घाल. टिकाऊ होऊ दे."

"खालची जागा मजबूत हाय ना? नाय तर बसंल खाली."

"अरे, शंभर वर्षांची फरशी आहे. हत्ती नाचव तिच्यावर."

"मग रविवारी सकाळी माणसं घेऊन येतो. कुठं लावायची ते?"

"ते तुझ्या भाभीला विचार. रोजचं काम तिचं आहे."

रविवार ठरला तो बरोबरच ठरला. त्याच दिवशी नाशिकच्या एका दैनिकातून सृष्टी नावाची मुलगी त्यांच्या घरावर लिहायला येणार होती. रविवार पुरवणीत 'ओसरी' नावाचं सदर होतं. त्यात आपलं घर यावं म्हणून भारतरावांनी संपादकांना पाच पत्रं पाठवली होती. पुरवणीचं ते पान बँकेतल्या जुन्या साहेबांच्या टेबलावर पडलेलं त्यांना दिसायला लागलं होतं. खेड्यात जाऊन महिनाभर टिकायचा नाहीस, असं ते साहेब म्हणाले होते ना!

रविवारी सकाळी ते सृष्टीला आणायला नाशिकला गेले. ही एवढीशी पोर, पण प्रश्न विचारायला खमकी. येताना स्कूटरवर मागून तिचं सुरूच होतं. जमीन कितीदा सारवता? पाणी कुठलं पिता?

"आडाचं! स्वतः शेंदलेलं! नळाच्या पाण्याला चव असते का?" भारतराव वाऱ्यावर ओरडले.

वळणावरून घर दिसलं आणि त्यांनी ब्रेक दाबला. लाल कौलांच्या मागे, न्हाणीच्या दगडी छपरावर, काळीकुट्ट, हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी दिमाखात बसली होती.

"सर, काय झालं?"

"काही नाही. तू… तू ही समोरची द्राक्षबाग बघ जरा. फार बघण्यासारखी आहे. मी आलोच."

भारतराव धावत परसात गेले. आडात मोटर सोडून चालू केलेली, भिंतीवरून पाइप गेलेला, आणि मुन्ना घाम पुसत उभा.

"काय केलंस हे, गाढवा!"

"तीन थराची, साहेब. काळी. तुम्हीच बोलले ना?"

"अरे, पाट्याला टाकी लावायची होती!"

मुन्ना डोकं खाजवत राहिला. "पाट्याला नळ कशाला, साहेब?"

वेळ नव्हता. भारतरावांनी दोन गोधड्या ओढल्या, शिडीवर चढले आणि टाकी गुंडाळून वरून सुतळी आवळली. उतरतात तोच सृष्टी परसात हजर.

"सर, ते काय आहे?"

"ती? ती कणगी. धान्याची."

"छपरावर?"

"उंदीर लागू नयेत म्हणून. जुन्या लोकांची अक्कल बघा!"

"आणि गोधडी?"

"धान्याला ऊब लागते." एकदा खोटं बोलायला बसल्यावर भारतराव हात आखडता घेत नव्हते. सृष्टी भराभरा लिहून घेत होती. मोटर बंद करायचं मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

"सर, कणगी गळतेय."

खरंच गळत होती. गोधड्या भिजून ठिबकल्या, सुतळी सुटली, गोधड्या धपकन खाली आल्या आणि काळी टाकी उन्हात चमकायला लागली. मुन्ना मोटरकडे पळाला. भारतरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"हा सगळा मुन्नाचा घोटाळा!" ते ओरडले. "हिने पाट्याला टाकी लावायला सांगितली होती!"

सारवायला येणारी ठमाबाई शेणाची पाटी घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "पाट्याला? त्याला तर म्या मागल्या आठवड्यातच टाकी लावली! नवी टाकी लय कचकचती. बाईंना म्हनलं बी व्हतं, दोन दिस चटनीत दगडाची खर येईल म्हनून."

भारतराव गर्रकन वळले. शुभांगीबाई ओसरीच्या खांबाला टेकून शांतपणे उभ्या होत्या.

"मी कुठे पाट्याचं नाव घेतलं?" त्या म्हणाल्या. "मी टाकी म्हणाले. तुम्हाला पाटाच आठवणार आणि मुन्नाला ही पाण्याची टाकी, हे मला ठाऊक होतं. नीट सांगितलं असतं तर नाही म्हणाला असता. दोन वर्षं रोज तीस बादल्या ओढतेय मी. घर मलाही आवडतं हो. इथली सकाळ आवडते, ही ओसरी आवडते. पण ओसरीवर बसायला एकदा तरी मिळालंय का मला?"

भारतरावांनी तिच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवर दोराचे घट्टे पडले होते. दोन वर्षांत त्यांना खांबाच्या सागवानातली रेघ न् रेघ पाठ झाली होती आणि हे घट्टे आजच दिसत होते. त्यांना मनापासून लाज वाटली.

"अगं, राहू दे टाकी," ते हळूच म्हणाले.

"राहणारच आहे. फक्त पिण्याचं पाणी आडाचंच ठेवू." मग त्या सृष्टीकडे वळल्या. "ते हे रोज स्वतः शेंदतात. हो ना हो?"

सृष्टीने पेन सरसावलं. स्कूटरवर ठणकावून सांगितलेलं आता नाही कसं म्हणणार? "हो… अर्थात," भारतराव म्हणाले.

पुढच्या रविवारी पान छापून आलं. फोटोत शुभांगीबाई ओसरीवर चहा पीत बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे टाकी ठसठशीत दिसत होती. खाली ठळक अक्षरात छापलं होतं की श्री. देवरे रोज पहाटे आडाचं पाणी स्वतः शेंदतात. आता गावातलं कोण ना कोण सकाळी कुंपणापाशी बघायला उभं असतं. जुन्या साहेबांचाही फोन आला, बघायला येतो म्हणून.

त्यामुळे भारतरावांना उठावंच लागतं. चौथ्या बादलीला त्यांच्या तोंडून निघतंच, "अगं, हात भरून येतात गं!"

आतून, पांघरुणातून, शुभांगीबाईंचा आवाज येतो.

"अहो, काय गोड वाजतो हो तो रहाट! जरा हळू ओढा, नीट ऐकू दे."