उल्काची गाडी

विमानतळाला लागून असलेल्या रेल्वे स्टेशनात शिरल्याबरोबर माझ्या बायकोची व्हीलचेअर नियमाप्रमाणे गाडी झाली.

त्या मार्गावर तसा नियमच आहे. माणसाला बसवून जे काही चाकांवर फलाटावर येतं, त्याला गाडी म्हणतात. सामानाच्या ट्रॉलीत माणूस नसतो, त्यामुळे ती गाडी नव्हे. बाबागाडीतल्या बाळाला तिकीट लागत नाही, त्यामुळे तीही नव्हे. आम्ही भोपाळहून पहिल्यांदाच त्या बाजूला येत होतो, म्हणून आम्हाला हे माहीत नव्हतं. तिथल्या लोकांना माहीत होतं. आम्ही फलाटावर येताच ते पांढऱ्या रेघेच्या मागे सरकले, आणि स्टेशनमास्तर गवाणकरबाई हातातला झेंडा सावरत समोर आल्या.

"गाडी कुठून आली?" त्यांनी विचारलं.

"भोपाळहून," मी म्हणालो. "विमानाला जरा उशीर झाला, नाहीतर आम्ही..."

"आपण कोण?"

"मी हेरंब चौबळ. यांचा नवरा. खुर्ची मी ढकलतो."

"म्हणजे इंजिन," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात उपमर्द मुळीच नव्हता. "गाडीबद्दल आम्ही इंजिनाशी बोलत नाही." मग त्या थोड्या वाकून उल्काकडे वळल्या. "मॅडम, आपली गाडी जाणार कुठे?"

उल्काने आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मग बाईंकडे. अपघात होऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून लोक तिच्याबद्दलचे प्रश्न मला विचारतात. त्या सकाळीही विमानात एका मुलीने तिच्या डोक्यावरून मला विचारलं होतं, "यांना खिडकी आवडते का?" उल्का कॉलेजात गणित शिकवते आणि खिडकीबद्दल तिची स्वतःची ठाम मतं आहेत. पण आठ वर्षांत माणूस थकतो, आणि हल्ली ती असे प्रश्न सोडून देत असे.

"वडघरला," ती म्हणाली. "माझ्या भाचीचं बारसं आहे. मी आत्या आहे."

"मग वेळेवर पोचायलाच हवं," गवाणकरबाई म्हणाल्या, आणि घोषणा करायला निघून गेल्या.

वडघरला उल्काचा धाकटा भाऊ पुष्कर राहतो. त्याला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण पुष्करचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्याने फोनवर म्हटलं होतं, "ताई, तू त्रास घेऊ नकोस. मंजिरी सांगेल नाव." मंजिरी ही त्यांची चुलतबहीण. उल्काने फोन ठेवून तिकिटं काढली होती. शेवटी असं ठरलं की शेजारचे चौघे जण तिला खुर्चीसकट उचलून वर नेतील. तिला उचललेलं अजिबात आवडत नाही. उचलणारे जिन्यावर आपापसात बोलतात आणि वळणावर एकमेकांना 'सांभाळून, भिंत लागेल' असं सांगतात. तरीही ती कबूल झाली होती.

एवढ्यात घोषणा झाली. "फलाट क्रमांक एकवर उभी असलेली गाडी वडघरला जाईल. ही गाडी भोपाळहून आली आहे."

घोषणेबरोबर आमच्यामागे रांग लागली. एका गृहस्थांनी मला ही जलद आहे की धीमी असं विचारलं, आणि मग मी इंजिन आहे हे लक्षात येऊन दिलगिरी व्यक्त केली. उल्काने त्यांना सांगितलं की गाडी धीमी आहे आणि बसायची जागा एकच असून ती भरलेली आहे. लोक कुरकुर न करता पांगले. एक वयस्क बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांच्या हातात जड पिशवी होती. त्यांचं नाव शालन परांडे.

"मी चालत येईन," त्या म्हणाल्या, "पण मालाचा डबा आहे का?"

"आहे," उल्का म्हणाली, आणि तिने पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत वालपापडी होती.

अडचण पुढेच होती. आम्हाला ज्या गाडीने जायचं होतं, ती बारा डब्यांची रोजची गाडी सिग्नलपाशी येऊन थांबली होती. एका फलाटावर एका वेळी एकच गाडी उभी राहू शकते, आणि तिथे आमची उभी होती.

"आपली गाडी काढा, म्हणजे तिला आत घेता येईल," गवाणकरबाई म्हणाल्या.

"माझी गाडी रुळांवर उतरत नाही," उल्का म्हणाली. "मला त्या गाडीत बसायचंय."

"गाडीला गाडीत बसता येत नाही, मॅडम. तसं होऊ दिलं, तर कोण कुणाच्या वेळापत्रकाने जाणार?"

हे उल्काला पटलं. गणितातही असं चालत नाही, असं ती म्हणाली. फलाटावरचे लोकही विचारात पडले. सिग्नलपाशी उभ्या गाडीने एकदा दबका भोंगा दिला. पुष्करचा फोन येऊन गेला. पाहुणे जमले होते, घुगऱ्या शिजल्या होत्या, आणि बाळ जागं होतं, पण ते किती वेळ जागं राहील याचा कुणालाच भरवसा नव्हता. उल्काचा चेहरा उतरला. मला तिला धीर द्यायचा होता, पण फलाटावर इंजिनाने काय बोलावं हे मला कळेना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी कशात शिरू शकते?" उल्काने विचारलं. वर्गात विद्यार्थ्यांना विचारते, त्याच आवाजात.

"शेडमध्ये," गवाणकरबाई म्हणाल्या. "आणि बोगद्यात."

"मग तो पहिला डबा बोगदा आहे असं समजा."

बाईंनी क्षणभर विचार केला. "समजून चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तसं जाहीर करावं लागेल." आणि त्यांनी जाऊन तसं जाहीर केलं. बोगदा काही गाडी नाही, त्यामुळे तो फलाटाशी यायला कसलीच हरकत नव्हती. उरलेले अकरा डबे त्याच्यामागून आपोआप आले. बोगद्याच्या मागे डोंगर असतोच, तेव्हा त्याबद्दलही कुणी हरकत घेतली नाही.

पहिल्या डब्याच्या दाराला दोन उंच पायऱ्या होत्या. डब्याला अशा पायऱ्या चालतात, आणि डब्याच्या पायऱ्यांपुढे आम्ही आजवर पुष्कळ ठिकाणी ताटकळलो आहोत. पण बोगद्याच्या तोंडाशी पायऱ्या असलेल्या कुणी कधी पाहिल्या नाहीत. गार्ड साळसकर उतरले, त्या पायऱ्या पाहून ओशाळले आणि घाईघाईने एक रुंद, मजबूत रॅम्प आणून त्यांनी तो दाराला लावला. मग ते आतल्या प्रवाशांना म्हणाले, "हा डबा आता बोगदा आहे. दिवे लावतो. वाटेतलं सामान तेवढं बाजूला घ्या."

"बोगद्यात जेवलं तर चालतं का?" डबा उघडून बसलेल्या एकाने विचारलं.

"बोगद्यात जेवायला मनाई नाही," साळसकर म्हणाले.

बोगद्यात शिरताना इंजिनाने शिट्टी द्यायची असते. मी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी दिली. कॉलेज सुटल्यापासून मी शिट्टी वाजवली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवाच आली. पण दुसरी शिट्टी अशी वाजली की शालनबाईंनी मान डोलावली. आम्ही वर चढलो, आणि उल्काने खिडकी निवडली.

मग बोगदा सुटला. गाडी एका जागी उभी होती आणि बोगदा धावत होता. बाहेरून कुंपणं, विटांच्या भट्ट्या आणि पेरूच्या बागा मागे जात होत्या. उल्का बोगद्याच्या खिडकीतून ते सगळं पाहत होती. साळसकर येऊन शेजारी उभे राहिले. कुठे किती थांबायचं, असं त्यांनी विचारलं. बोगद्यात गाडी असेपर्यंत बोगदा तिच्या मर्जीने थांबतो, असं त्यांनी समजावून सांगितलं.

उल्काने पुष्करला फोन लावला.

"पुष्कर, मी निघाले. माझी गाडी वडघरला दोन नंबरवर लागेल. बाळाला स्टेशनवर घेऊन ये."

"अगं ताई, ते चौघे खाली येऊन थांबलेत तुला उचलायला."

"त्यांना वर पाठव. गाडी उचलून जिन्याने नेता येत नाही."

मग पुष्करने विचारलं, "पाळणा पण आणायचा?"

"पाळण्याशिवाय बारसं कसं होईल?"

"आणि ही सगळी मंडळी?"

"आण त्यांनाही. गाडी थांबेल."

वडघरच्या फलाटावर खरोखरच सगळी मंडळी उभी होती. पुढे पुष्कर पाळणा घेऊन, मागे त्याची बायको केतकी बाळाला घेऊन, आणि तिच्यामागे मंजिरी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन. ज्या चौघांनी उल्काला उचलायचं होतं, त्यांनी रिकामं बसण्याऐवजी सतरंज्या उचलून आणल्या होत्या. साळसकरांनी रॅम्प लावला आणि सगळे बोगद्यात आले. पाळणा वरच्या फळीच्या कडीला टांगला. कडी तिथे आधीपासूनच होती आणि ती कशासाठी आहे हे साळसकरांनाही माहीत नव्हतं.

मंजिरी उल्काजवळ आली. तिने भरजरी साडी नेसली होती. मला वाटलं ती नाराज असेल. "बरं झालं तू आलीस," ती म्हणाली. "ऐन वेळी मी नाव विसरले असते. कालपासून मला तेच टेन्शन होतं."

बायका पाळण्याभोवती जमल्या. डब्यातल्या प्रवासी बायकाही उठून आल्या. शालनबाईंचा आवाज चांगला होता, त्यांनी पाळणा म्हटला. मी खुर्ची पाळण्याला लावली. उल्काने वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. बाळाने एक डोळा उघडला.

नाव सांगितलं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. हात वर गेले आणि तसेच राहिले. आठ वर्षांत उल्काच्या पाठीला कुणी डॉक्टराशिवाय हात लावला नव्हता. केतकीने माझ्याकडे पाहिलं, मंजिरीने केतकीकडे पाहिलं.

"काय झालं?" शालनबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे, त्यांना लागलं बिगलं तर," कुणीतरी म्हणालं.

शालनबाई साळसकरांकडे वळल्या. "उभ्या गाडीला थाप मारायला काही मनाई आहे का हो?"

"मुळीच नाही," साळसकर म्हणाले. "आम्ही तर निघण्याआधी मारतोच."

शालनबाईंनी पहिला धपाटा घातला. वालपापडी पिकवणाऱ्या बाईचा हात तो, त्याचा आवाज डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. मग मंजिरीने घातला, मग केतकीने, मग सगळ्यांनी, आणि कुणीही हात राखला नाही. उल्का पुढे वाकून हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते पदराने पुसत ती म्हणाली, "अजून कुणी राहिलंय का?"

साळसकरांनी फलाटावर जाऊन घोषणा करवली. "फलाट क्रमांक दोनवरच्या बाळाचं नाव गार्गी आहे." पलीकडच्या फलाटावर माणसांनी माना डोलावल्या. घुगऱ्या बाराही डब्यांत वाटल्या गेल्या. बाळ झोपलं, आणि मंडळी पाळणा, पातेलं आणि सतरंज्या घेऊन घरी जायला निघाली.

पुष्करने बहिणीच्या पाया पडून विचारलं, "ताई, आता?"

आमचं ठरलं होतं ते असं, की संध्याकाळपर्यंत वडघरला थांबायचं, जवळच्या हॉटेलात झोपायचं आणि सकाळी परतीचं विमान गाठायचं. उल्काने साळसकरांना हाक मारली.

"ही वाट पुढे कुठपर्यंत जाते?"

"आंबेखोलपर्यंत. पण तिथे काही नाही, मॅडम. देऊळ नाही, धरण नाही. एक चहाचं दुकान आहे."

उल्काने विचार केला. अपघातानंतर आम्ही खूप प्रवास केला होता, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी कारण होतं. इस्पितळ, परीक्षा, कुणाचं लग्न. काही नसलेल्या ठिकाणी आम्ही दोघं लग्नाआधी एकदा गेलो होतो.

"आंबेखोलला चला," ती म्हणाली.

शालनबाईंना वडघरलाच उतरायचं होतं. त्यांनी पिशवी उचलली, थोडी वालपापडी उल्काच्या मांडीवर ठेवली आणि निरोप घेतला. पुढच्या दोन स्टेशनांवर उरलेली माणसं उतरली. शेवटी बोगद्यात आम्ही दोघंच राहिलो. उल्का मला खिडकीतून शेतं दाखवत होती, आणि कुठलं पीक आहे हे दोघांनाही ओळखता येत नव्हतं.

आंबेखोलला दुपारचं ऊन कलत आलं होतं. मी शिट्टी देऊन खुर्ची रॅम्पवरून खाली घेतली. फलाटावर एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली दुकान. दुकानदार धोतराला हात पुसत बाहेर आला आणि त्याने उल्काला नमस्कार केला.

"गाडी किती वेळ थांबेल?" त्याने विचारलं.

"चहा होऊन पिऊन होईपर्यंत," उल्का म्हणाली. "घाई नाही."

त्याने स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, आलं ठेचलं. मग त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उल्काला हळूच विचारलं, "इंजिनाला साखर चालते ना?"